चुन्याची रेघ

नागापूर, नगर
२ नोव्हेंबर २०२५

ती. मोठीआई,

पत्र बघून तात्या म्हणतील, "पोरगी येडी झाली का काय? फोन कराया काय झालं?" त्यांना सांग, फोन खोलीतल्या राजेश्वरीताईच्या पेटीत कुलूपबंद आहे आणि किल्ली तिच्याकडे. मीच दिला. हातात असला की पुस्तक मिटून मी रील बघत बसते. भूमापकाच्या परवान्याची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर आईआप्पांशी रविवारी ताईच्या फोनवरून बोलायचं आणि तुझ्याशी पत्रानं. नाहीतरी तुझं अक्षर आमच्या क्लासच्या सरांपेक्षा चांगलं आहे.

परवाना मिळाला की लोकांच्या जमिनी मला मोजता येतील. मोजणीसाठी माणसं किती महिने ताटकळतात ते तू बघतेसच. मग कंपनीत दिवसभर बेअरिंगा तपासत बसायची गरज नाही. आईआप्पांनाही ऊसतोडीला जायची गरज नाही. परवा फोनवर आई म्हणाली, "सुके, ह्यो शेवटचा कोयता बग." विहिरीला पाणी लागलं तेव्हापासून दोघांचं तेच चाललंय. पुढच्या वर्षी कांदा लावू, दोन म्हशी घेऊ, गावातच राहू. आप्पांनी ती विहीर कशी खणली ते तुला वेगळं सांगायला नको. ते परत येईपर्यंत तिच्याकडे तुझं लक्ष असू दे.

जायच्या आधी आप्पांनी पोटहिश्श्याच्या मोजणीच्या अर्जावर सही केली, हे फार बरं झालं. मीच मागे लागले होते. आजोबांनी तात्या आणि आप्पा या दोघा भावांना तोंडी वाटणी करून दिली, मधे बांध घातला, पण सरकारी नकाशावर शेत अजून एकच. बांध आहे तसा एकदा नकाशावर आला की उद्या तुझ्या अमृतला आणि मला भांडायला कारण उरणार नाही. नाहीतर तो लहानपणी पतंगासाठी भांडायचा तसा भांडेल!

तात्यांना नमस्कार.

तुझी सुकी

*

खर्डा, ता. जामखेड
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सुके,

तुझं पत्र पोस्टमनने बांधावरूनच ओरडून दिलं. मला वाटलं बँकेची नोटीस. फोडलं तर तू. तात्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "आपल्या घरात मोजनीवाली निगाली, लई झालं."

जेवतेस का वेळेवर? मेसचं खाऊन तुझा आवाज बारीक झाला असणार. तुझ्यासाठी बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, कुणी नगरला निघालं की देते. चार वर्षांची होतीस तेव्हापासून दर दिवाळीनंतर तू माझ्या चुलीपाशी. आता घर रिकामं वाटतं. अमृत घरात असतो पण तो काय, मोबाईलमधून मान वर काढत नाही. त्याच्या डोक्यात डाळिंबाची बाग बसली आहे.

विहिरीची काळजी करू नकोस. पाणी भरपूर आहे.

मोजणीचं निघालं म्हणून विचारते, मला यातलं काही कळत नाही. तो मोजणीवाला येऊन नेमकं बघतो काय? आणि एखादा हिस्सेदार बाहेरगावी असला तर काम अडतं का? तुझा बाप हनुमंत तिकडे कारखान्यावर, म्हणून आपलं विचारलं. तुझाही अभ्यास होईल.

मोठीआई

*

नागापूर
२० नोव्हेंबर २०२५

ती. मोठीआई,

तुझे प्रश्न वाचून मी खोलीत नाचले. राजेश्वरीताई म्हणाली, "तुझ्या मोठीआईलाच बसव परीक्षेला." खरंच, आमच्या वर्गातली पोरं एवढं नेमकं विचारत नाहीत.

तर ऐक. आपल्यासारख्या तोंडी वाटणीत मोजणीदार वहिवाट बघतो. म्हणजे कोण कुठपर्यंत कसतो ते. बांध कुठे आहे, दगड कुठे रोवलेत, पीक कुठे बदलतं, आणि शेतात हजर असलेली माणसं काय दाखवतात, ते बघून तो नकाशावर घेतो. सगळ्या हिस्सेदारांना तारखेची नोटीस जाते. नोटीस पोचली आणि माणूस आलाच नाही, तर काम थांबत नाही. आलेले दाखवतील तसं मोजून तो निघून जातो. न आलेल्याने मग अपील करून पुन्हा मोजून मागायचं. त्याला निमताना म्हणतात. त्यात जोडे झिजतात.

म्हणून तारीख आली की मला कळव. आप्पांच्या वतीने मी येईन.

माझं पुस्तकातलं सगळं पाठ आहे, पण हाताला सवय नाही. इथे मोजायला काय आहे? कंपनीची भिंत आणि पार्किंग. सर म्हणतात, वाकडातिकडा बांध मोजल्याशिवाय मोजणी कळत नाही.

सुकी

*

खर्डा
२८ नोव्हेंबर २०२५

चि. सुके,

वाकडा बांध मोजायचा तर लोकाच्या दारात कशाला जातेस? आपला बांध काय कमी वाकडा आहे? वरच्या लिंबापासून निघतो तो विहिरीला वळसा घालून ओढ्याला उतरतो. दोन दिवस सुट्टी काढ आणि ये. चुना घरात आहे, दिवाळीला घराला लावायला आणलेला उरला आहे. टेप धरायला अमृत आहे. हरभऱ्याची भाजी आणि बाजरीची भाकरी करते.

तू आलीस की मलाही बरं वाटेल. तात्या म्हणाले, "तिला म्हणावं पास झाली की पैली मोजनी आपल्याच रानात कर."

मोठीआई

*

नागापूर
१० डिसेंबर २०२५

ती. मोठीआई,

शनिवारी सकाळी जामखेडच्या गाडीत बसले तेव्हा पुस्तकातली सूत्रं घोकत होते, येईल का आपल्याला म्हणून. रविवारी परतताना खिडकीत बसून मी गाणं म्हणत होते. शेजारची बाई सरकून बसली!

सरांना माझा कच्चा नकाशा दाखवला. ते म्हणाले, मोजणीदारापेक्षा चांगला आहे. वाकडा बांध मोजायचा म्हणजे आधी लिंबापासून ओढ्यापर्यंत एक सरळ रेघ धरायची, आणि त्या रेघेपासून बांध कुठे किती लांब आहे ते टेपने घेत जायचं. रेघ म्हणजे नुसता आधार, घराला रंग देताना शिडी लावतो तशी. विहिरीपाशी बांध तुमच्या बाजूला केवढा फुगलाय, ते त्या रेघेमुळेच कळलं. विहीर सगळी रेघेच्या पलीकडे, तुमच्या बाजूला गेली, आणि बांधाच्या अलीकडे, आमच्या बाजूला राहिली.

एक काम राहिलं. चुन्याची रेघ पुसायची होती, पण गाडीची वेळ झाली. तात्यांना सांग, पाय फिरवून पुसून टाका. ती हद्द नाही. गावातल्या कुणी बघितलं तर उगाच गैरसमज व्हायचा. अमृतने माझे फोटो काढलेत, चुना टाकतानाचे. ते ताईच्या फोनवर पाठव म्हणावं, आईला दाखवते. आई मला अजून शाळेतलीच समजते.

तुझ्या भाजीची चव अजून तोंडात आहे.

सुकी

*

खर्डा
५ जानेवारी २०२६

चि. सुके,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे गडबड होती. अमृतने ट्रॅक्टर आणला होता, त्यात बांध सपाट करून घेतला. उंदीर फार झाले होते, पार हरभऱ्याची मुळं खाल्ली. आता रान कसं मोकळं दिसतं.

तुझी रेघ तुझ्या तात्यांना फार आवडली. म्हणाले, पोरीचा हात सरळ आहे. खुणेला राहू दे म्हणून तिच्यावर चार दगड रोवले आहेत. तू पास झालीस की बघू.

संक्रांतीला येऊ नकोस, अभ्यास कर. तिळगूळ दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवते, टेम्पोवाला नागापूरला येतो. मोजणीचं काही असलं तर कळवीनच.

मोठीआई

*

नागापूर
१६ जानेवारी २०२६

ती. मोठीआई,

तिळगूळ पोचला. खोलीतल्या तिघींनी मिळून संपवला, मला जेमतेम दोन लाडू मिळाले.

बांध पाडायला नको होता गं. मोजणीच्या आधी बांध कुणी पाडतं का? आणि रेघेवर दगड कशाला रोवले? मोजणीदार आला तर गोंधळात पडेल. पण मी जास्त बोलत नाही, तात्यांना वाटेल पोरगी दोन पुस्तकं वाचून शहाणी झाली. मोजणीला मी हजर असेन तेव्हा मी सांगेन त्याला नीट, माझ्याकडे कच्चा नकाशा आहेच. दगड मात्र काढून ठेवा.

परीक्षा आठ फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी देवापुढे दिवा लाव माझ्यासाठी.

सुकी

*

खर्डा
१५ मार्च २०२६

मोठीआई,

हे पत्र मी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर बसून लिहितेय. तुझ्या दारात यायला माझे पाय तयार नाहीत. पोरगा पाठवला असता निरोपाला, पण निरोपात हे मावणार नाही.

आईआप्पा मंगळवारी कारखान्यावरून परतले. बुधवारी सकाळी आप्पा मोटर चालू करायला विहिरीवर गेले, तर स्टार्टरच्या पेटीला दुसरंच कुलूप. त्यांना वाटलं चोरांच्या भीतीने तात्यांनी लावलं असेल. किल्ली मागायला हसत हसत आले होते ते. तात्यांनी किल्ली दिली नाही, मोजणीचा नकाशा दाखवला. विहीर तुमच्या हिश्श्यात. मोजणी झाली कधी? तर बावीस डिसेंबरला. मी तुमच्या घरी भाकरी खाऊन गेले त्यानंतर पंधरा दिवसांनी. आप्पांची नोटीस तात्यांनी सही करून घेतली, धाकट्या भावाच्या वतीने. आणि मला ५ जानेवारीला तू लिहितेस, "मोजणीचं काही असलं तर कळवीनच."

आप्पांनी मला फोन केला. मी तशीच निघून आले. आप्पा ओसरीवर बसले होते. पाणीसुद्धा मागितलं नाही. एवढंच विचारलं, "सुके, तूच आखलंस का गं?"

मी काय सांगू त्यांना? अमृतने मोजणीदाराला तो फोटो दाखवला म्हणे. "बगा, त्याचीच पोरगी हाय, परीक्षा देतीया, तिनंच हद्द आखून दिली." फोटोत मी चुना टाकतेय आणि हसतेय. ती रेघ हद्द नव्हती, हे तुला मी पत्रात लिहून कळवलं होतं. पुसायला सांगितलं होतं. तू दगड रोवून घेतलेस.

मोठीआई, तूच मला विचारलंस, मोजणीवाला काय बघतो. मी तुला सगळं समजावून सांगितलं. बांध बघतो म्हटलं, तुम्ही बांध पाडला. दगड बघतो म्हटलं, तुम्ही दगड रोवले. हजर माणसं बघतो म्हटलं, तुम्ही मला तारीख कळवली नाही. मी तुला शिकवत होते आणि तू माझ्याकडून शिकून माझ्याच बापाचा गळा केसाने कापत होतीस. मला अजून वाटतंय तू म्हणशील, यात माझा हात नव्हता, तात्यांनी आणि अमृतने केलं, मला माहीत नव्हतं. तेवढं तरी लिही. मी विश्वास ठेवीन.

सुकन्या

*

खर्डा
२२ मार्च २०२६

चि. सुकन्या,

तुझं पत्र तात्यांना दाखवलं नाही. माझ्याजवळच ठेवलं.

तुला खोटं सांगणार नाही. मला माहीत होतं. मीच सुचवलं म्हटलंस तरी चालेल. तात्यांना एवढं सुचत नाही, आणि अमृत तर त्याच्या बागेच्या पुढे काही बघत नाही.

आता तू माझंही ऐक. तुझी आई दर वर्षी दिवाळी झाली की तुला माझ्या ओसरीवर ठेवून निघून जायची. तुला कांजिण्या आल्या तेव्हा मी रात्रंदिवस जागी होते. अमृतच्या ताटातली भाकरी अर्धी करून तुला वाढली. शाळेत तुझ्या पालकाच्या जागी मी सही केली. कुणी एकदा तरी म्हटलं का, चांगुणा, तुझं काय? हनुमंत विहीर खणत होता तेव्हा त्याच्या घरातली पोर कोण सांभाळत होतं? ती विहीर त्याने एकट्याने खणली असं सगळं गाव म्हणतं. मला तेव्हापासून सल होती. त्या पाण्यात माझा वाटा आहे असं मला वाटतं, आणि अजूनही वाटतं. मागितला असता तर तुम्ही लोकांनी हसण्यावारी नेला असता.

तुझ्या जिवाला लागलं ते मला कळतं. पण घरातली गोष्ट घरात ठेव. तू परीक्षा पास झालीस हे अमृतने मोबाईलवर बघितलं. मला आनंद झाला, शपथ. आता एक शहाणपणाचं सांगते. निमतान्याच्या नादी लागलीस तर तुला जबाब द्यावा लागेल की ती रेघ मीच टाकली. परवान्याच्या आधीच दुसऱ्याच्या हद्दीत खुणा केल्या असं तुझ्याच तोंडून निघेल. मग परवाना कोण देईल तुला? अमृत चौकशी करून आला आहे. गप्प राहिलीस तर परवाना मिळेल. विहिरीचं पाणी हनुमंताला आठवड्यातून एक दिवस देऊ, तेवढी माणुसकी आमच्यात आहे.

सावकाश विचार कर.

मोठीआई

*

नागापूर
४ एप्रिल २०२६

सौ. चांगुणा सूर्यभान जायभाय यांस,

तुमचं पत्र पोचलं. यापुढे तुम्हाला "तू" म्हणायला माझी जीभ वळणार नाही, म्हणून असं लिहितेय.

तुमचं एक म्हणणं खरं आहे. माझ्यासाठी तुम्ही खूप केलं आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नाही. आईने विचारायला हवं होतं, आप्पांनी विचारायला हवं होतं. मी मोठी झाल्यावर मीही विचारलं नाही. तुम्ही तोंड उघडून विहिरीच्या पाण्यात वाटा मागितला असता, तर सगळ्यात आधी मी तुमच्या बाजूने बोलले असते. आप्पा कदाचित चिडले असते, पण मी त्यांना समजावलं असतं. हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही मागितलं नाही. मागण्यापेक्षा माझ्या हातून काढून घेणं तुम्हाला सोपं वाटलं. मला सांभाळल्याचा मोबदला तुम्ही माझ्याकडूनच माझ्या बापाविरुद्ध वसूल केलात. ज्या मायेवर मी वाढले ती खरी होती का, हे आता मला कधीच कळणार नाही. विहिरीपेक्षा मोठं नुकसान मला हे वाटतं. ते तुम्ही भरून देऊ शकत नाही.

निमतान्याच्या अर्जासोबत जबाब मी मंगळवारीच मोजणी कार्यालयात दिला. रेघ मी टाकली, ती मोजायला धरलेली आधाराची रेघ होती, बांध तिच्यापासून कुठे किती लांब होता त्याचा माझा कच्चा नकाशा सोबत जोडलाय, असं सगळं सांगितलं आणि खाली सही केली. सरांनी आधीच बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत परवाना थांबेल, कदाचित मिळणारही नाही. म्हणाले, "एक साल थांब, आधी परवाना घे, मग बोल." मी म्हटलं, सर, एक साल गेलं तर माझे आप्पा माझ्याशी बोलायचे राहतील.

आप्पांना मी सगळं सांगितलं, तुमची पत्रंही वाचून दाखवली. शेवटच्या पत्राला आई उठून आत गेली. आप्पांनी पत्रांची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "वैनीनं मागितलं असतं तर म्या कवा नाय म्हनलं हुतं?" त्यांना तुमचा राग आला नाही. मला तेच सहन होत नाही. मला वाटतं त्यांनी आरडाओरडा करावा, तुमच्या दारात येऊन शिव्या द्याव्यात. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाला होकार दिला. विहिरीविना रानात काय पिकणार? दिवाळीनंतर आई पुन्हा कोयता घेऊन जाईल. तिला मी शब्द दिला होता की आता जायचं नाही. तो शब्द माझ्या हातून तुम्ही मोडलात.

आठवड्यातून एक दिवस पाणी देण्याची माणुसकी ठेवून द्या. ते पाणी आमच्याच विहिरीचं आहे.

निमतान्याची तारीख निघाली की तुम्हाला नोटीस येईल. ती नोटीस तात्यांना न देता तुम्ही स्वतः घ्या आणि स्वतः शेतात या. मी आप्पांना घेऊन येईन. माझी रेघ कुठून कुठे होती ते मी दाखवीन. बांध कुठे होता ते मात्र तुम्ही दाखवा. तुम्ही या घरात सून म्हणून आलात तेव्हापासून त्याच बांधावरून रोज चालत होतात. सगळ्या गावासमोर, आप्पांच्या डोळ्यांत बघून, हात लांब करून दाखवा. तुमचा हात कुठे जातो ते मला बघायचं आहे.

सुकन्या हनुमंत जायभाय